सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी फेस मास्क : कसा निवडायचा, कसा घालायचा

नावात सॉफ्ट असलं तरी बॉल चांगलाच कडक असतो, १२ इंच घेराचा, पावणेदोनशे ग्रॅमच्या वर. मोठ्या मुलींच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे जोरात बॉल टाकायच्या प्रकारात, पिचर (बॉल टाकणारी) ४३ फुटांवरून टाकते आणि टाकताना पुढे झेपावते, म्हणजे बॅटवरून सरळ तोंडावर आलेल्या बॉलला ग्लव्ह वर न्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, शाळेच्या टीममध्ये पिचर, आणि फर्स्ट बेस व थर्ड बेसवर फील्डिंग करणाऱ्यांना मास्क कंपल्सरीच हवा, प्रॅक्टिसलासुद्धा. बंट (बॅटने हळूच ढकललेला बॉल) अडवायला पुढे येणारी थर्ड बेसवाली तर पिचरपेक्षाही जवळ असते!

घेताना मुलीला दुकानात सोबत न्याच. हनुवटी कपात नीट बसली पाहिजे, कपाळाची पट्टी भुवयांच्या वर, आणि जाळी नाकाला कुठेच टेकता कामा नये. मागचा पट्टा आवळा, पोनीटेल त्याच्या वरून काढा, मग तिला जोरजोरात मान हलवायला सांगा, मास्क सरकला तर साइज चुकली. खाली ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) आणि वर उंच कॅच दोन्ही दिसतात का बघून घ्या, जाळीची दांडी मधे येत असेल तर दुसरं मॉडेल बघा.

सुरुवातीला मुली कुरकुर करतात, घाम येतो म्हणतात, थोडे दिवस कॅचिंगलाच घालू द्या, सवय होते. वेल्डिंग सुटलं, दांडी वाकली की ठोकून सरळ करू नका, नवाच घ्या. आणि हो, बॅटिंगला हा चालत नाही, तिथे जाळीवालं हेल्मेटच.