परसातल्या भाजीला जाळीचा पिंजरा कसा करायचा

आमच्याकडे कोकणात परसात टोमॅटो-वांगी लावली की पहिला घास माकडांचा, दुसरा घुशीचा आणि उरलं तर आपला. बरं माकड एक टोमॅटो धड संपवेल तर शपथ, एक चावा मारून टाकणार आणि पुढचा तोडणार. म्हणून 6 बाय 3 फुटांच्या वाफ्यावर 3 फूट उंच, वरून झाकण असलेला पिंजरा. दोघं असाल तर एका रविवारी होतो.

जाळीत कंजुषी नको. मी पहिल्यांदा स्वस्तात नायलॉनची घेतली, माकडांनी ती दुसऱ्याच दिवशी फाडली ते सोडा, पण खालच्या बाजूला धामण अडकली, जेवढी वळवळेल तेवढे धागे अंगात रुतत होते, शेवटी सर्पमित्राने येऊन छोट्या कात्रीने एकेक धागा कापला. आता जीआय वेल्डमेशच आणतो, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी तारेची जाळी, अर्धा इंची भोकाची, 4 फूट रुंद, 25 फूट लांब. दुकानदार म्हणेल एक इंची चालेल, पण त्यातून उंदराची पिल्लं आरामात आत जातात.

बाकी दीड इंची लाकडी रिपा साधारण 60 फूट, दोन-दोन फुटांच्या चार सळ्या, यू-खिळे, बाइंडिंग वायर, दोन बिजागऱ्या, एक कडी.

आधी वाफ्याच्या चारी बाजूंनी 6 इंच खोल नाली खणा, बाहेरच्या बाजूला अजून 6 इंच रुंद करा. कोपऱ्यात चिऱ्याचे तुकडे ठेवून त्यावर 3 फुटी खांब उभे करा, मातीत पुरले की वाळवी लागलीच म्हणून समजा. प्रत्येक खांबाशेजारी सळी ठोकून तारेने करकचून बांधा. वरून 6 आणि 3 फुटी रिपांची चौकट ठोका.

आता जाळी. 18 फूट लागते चारी बाजूंना, 3 फूट वर, 6 इंच नालीत खाली आणि उरलेली 6 इंच बाहेर वळवायची, इंग्रजी एल सारखी. कोपऱ्यावर वळवताना चीर द्यावी लागते. घूस येते ती जाळीला अगदी चिकटून उकरायला लागते, खाली पुन्हा जाळीच लागते, आणि चार पावलं मागे जाऊन तिथून उकरावं हे तिला सहसा सुचत नाही. मग माती लोटून पायाने दाबा. कापलेली टोकं आत वळवा, हातमोजे घाला, मी नाही घातले, अंगठ्यावर खूण आहे अजून.

झाकण म्हणजे 6 बाय 3 ची चौकट, आडवी तिरकी एक रीप, त्यावर जाळी. बिजागऱ्या लांब बाजूला लावा, म्हणजे समोरून हात शेवटच्या रोपापर्यंत पोचतो.

आत मिरची, वांगी, टोमॅटो, मेथी, पालक लावा. मधमाशी अर्धा इंचातून जाते, पण काकडी असेल तर सकाळी जवळपास कोणी असताना झाकण उघडंच ठेवा. दोडका-दुधी मात्र मांडवावरच, त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात आणि वेल पिंजऱ्यात मावत पण नाही. मावा, पांढरी माशी असल्या बारीक किडी याने थांबत नाहीत, ते वेगळं प्रकरण.

आणि कडी नुसती सरकवून ठेवू नका. आमच्या इथली माकडं ती उघडायला आठवड्यात शिकली, तेव्हापासून कडीत तारेला तीन पीळ देतो.