गोल्फचा होल ग्रीनकडून वाचा

लँडस्केप आर्किटेक्चर करून गोल्फ कोर्स डिझाइनकडे वळणारी मुलं सगळ्यात आधी सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत हाताशी येतं. होल, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून (टी) भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंतचा (ग्रीन) पट्टा, वाचायला मात्र वर्षं लागतात, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. माझीही बराच काळ अडली होती.

टीवर उभं राहिलं की बंकर (वाळूचे खड्डे), रफ (वाढलेलं गवत), झाडं दिसतात आणि वाटतं, होल म्हणजे अडथळ्यांची रांग. मग कागदावरही आपण तेच काढतो: फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) अरुंद करायचा, दोन्ही बाजूंना बंकर टाकायचे. होल अवघड होतो खरा, पण खेळाडूला ठरवण्यासारखं काही उरत नाही. चेंडू सरळ मारायचा, एवढंच.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा सतरावा होल बघा, रोड होल. पार ४ (चार फटक्यांत संपवायचा), ब्रिटनच्या ओपन स्पर्धेत ४९५ यार्ड. ग्रीन अरुंद आणि तिरकं. त्याच्या पुढ्यात डावीकडे खोल बंकर, मागे लागूनच रस्ता आणि पलीकडे दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर तिथूनच मारायचा, सवलत नाही. आता ग्रीनवर उभे राहून टीकडे तोंड करा आणि चेंडू कुठून आला तर सोपं जाईल ते शोधा. टीवरून येणाऱ्याच्या उजव्या हाताची कड मोकळी आहे, डावीकडून आलात तर बंकर आडवा येतो. पण त्या मोक्याच्या कडेलाच आउट ऑफ बाउंड्स (खेळाच्या हद्दीबाहेरची जागा) आहे, आणि तिथे पोचायचं तर ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) शेजारच्या हॉटेलच्या कोपऱ्यावरून न्यावा लागतो. ज्याला धाडस नको त्याला डावीकडे भरपूर जागा आहे, फक्त त्याची किंमत दुसऱ्या शॉटला मोजावी लागते. अख्खा होल त्या ग्रीनच्या कोनातून जन्माला आलाय. नकाशावर हा कोन दहा अंश फिरवून बघा, हॉटेलवरून मारायचं कारणच संपेल.

बंकरच्या आकारावरही जाऊ नका. १९७८ च्या ओपनमध्ये जपानी खेळाडू त्सुनेयुकी नाकाजिमा इथे दोन शॉटमध्ये ग्रीनवर होता. त्याचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) उतारावरून घरंगळत बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके लागले आणि कार्डावर ९ लागले. बंकर लहानच आहे, पण भोवतीची जमीन चेंडू त्याच्याकडे ओढते. म्हणून काँटूर (जमिनीच्या चढउताराच्या रेषा) काढल्याशिवाय बंकर काढूच नका.

सार्वजनिक कोर्सवर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं. तिथे नवखा आणि पट्टीचा खेळाडू एकाच सकाळी, एकामागे एक खेळतात. पाण्यावरून मारल्याशिवाय गत्यंतर नाही असा होल काढलात, तर नवखा चेंडू शोधत बसतो आणि मागे रांग लागते. ओल्ड कोर्सचा पहिला आणि अठरावा होल एकच प्रशस्त फेअरवे वाटून घेतात. रुंदी म्हणजे सोपेपणा नव्हे, रुंदी म्हणजे निवड. न्यूयॉर्कजवळचा बेथपेज ब्लॅकही सार्वजनिक आहे, आणि पहिल्या टीवर चक्क पाटी आहे की हा कोर्स निष्णात खेळाडूंसाठीच. पण त्याच उद्यानात आणखी चार कोर्स आहेत, म्हणून ते चालतं. गावात एकच कोर्स असेल तर चालणार नाही.

गुरूबद्दल माझं मत ठाम आहे. नामांकित डिझायनरच्या ऑफिसात रेंडरिंग करण्यापेक्षा एक हंगाम ग्रीनकीपरच्या (कोर्सचं गवत सांभाळणाऱ्याच्या) हाताखाली काढा. पाणी कुठे साचतं, लोकांचे डिव्हॉट (फटक्याने उखडलेलं गवत) नेमके कुठे पडतात, हे त्याला तोंडपाठ असतं. ड्रोनच्या व्हिडिओवरून होल शिकवणारे शिकवणी वर्ग तर घेऊच नका, वरून उतार सपाट दिसतो.

खेळ बेताचा आहे म्हणून घाबरू नका. ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. फिरायला हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा) लागत नाही, शुल्कही नाही. वही घेऊन अठराव्याच्या ग्रीनपासून सुरुवात करा आणि पहिल्या टीपर्यंत उलटे चालत या. प्रत्येक ग्रीनवरून पिन (भोकातली झेंड्याची काठी) डावीकडे आणि पिन उजवीकडे अशा दोन रेषा मागे टीच्या दिशेने काढा. जोरदार वारा असेल त्या दिवशी गेलात तर जास्त चांगलं.