अमेले भाषेचे व्याकरण वाचताना या चुका टाळा

भाषाविज्ञानाच्या वर्गात मी दरवर्षी अमेले भाषेची दहा-बारा वाक्ये फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी त्याच चुका, जवळजवळ त्याच क्रमाने, माझ्यासमोर येतात. अमेले ही पापुआ न्यू गिनीमधील मदांग शहराच्या दक्षिणेकडे बोलली जाणारी भाषा असून तिचे भाषक पाच हजारांच्या आसपास आहेत. जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेले तिचे सविस्तर व्याकरण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे अभ्यासकाला साधन नाही अशी सबब येथे चालत नाही. तसेच अमेलेला पापुई भाषा म्हणतात, पण ‘पापुई’ हे एका भाषाकुळाचे नाव समजू नये. त्या भूभागातील ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या, परस्परांशी नाते सिद्ध न झालेल्या अनेक कुळांना दिलेले ते सोयीचे नाव आहे.

पहिली चूक उच्चाराची. अमेले रोमन लिपीत लिहिली जाते आणि तिच्यातील ‘सी’ या अक्षराचा उच्चार च, क किंवा स यांपैकी एकही नसून तो कंठातला अटकाव आहे. तोंड न उघडता नकार देताना आपण जे ‘अं-अं’ करतो, त्यातल्या दोन ‘अं’च्या मध्ये श्वास क्षणभर जसा अडतो, तसाच. ‘मी आलो, आणि मग दुसऱ्या कोणी काही केले’ अशा वाक्यात येणारे क्रियारूप विद्यार्थी हमखास ‘होचोमिन’ असे वाचतात. मागच्या बाकावरून कोणीतरी व्हिएतनामच्या नेत्याचे नाव घेते, वर्ग हसतो आणि पुढची पाच मिनिटे वाया जातात. खरा उच्चार हो’ओमिन असा आहे. ‘क्यू’ या अक्षराचेही तसेच: त्याचा उच्चार ग्ब असा होतो, मात्र आधी ग आणि मग ब असा नव्हे, तर जिभेचा मागचा भाग आणि दोन्ही ओठ एकाच वेळी मिटून. मी विद्यार्थ्यांना आरशासमोर उभे करतो आणि ‘उग्बा’ म्हणताना ओठ उशिरा मिटले तर पुन्हा म्हणायला लावतो. त्यांना हा पोरकटपणा वाटतो. परंतु उच्चार नंतर सुधारू म्हणणारा विद्यार्थी तो कधीच सुधारत नाही, हा माझा अनुभव आहे.

सर्वनामांत चुका कमी होतात, पण होतात त्या मराठीमुळे. इजा म्हणजे मी, हिना म्हणजे तू आणि उग्बा म्हणजे तो, ती, ते सगळेच. एगे हे सर्वनाम ‘आम्ही’ की ‘आपण’, असे विचारू नये; हा भेद अमेले करत नाही. मात्र माणसे दोनच असतील, तर त्या द्विवचनासाठी तिथे वेगळी सर्वनामे आहेत, आणि आगे या एकाच रूपात ‘तुम्ही’ व ‘ते’ हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत.

आता माझ्या डोकेदुखीकडे येतो. ‘इजा हुमिग साब जिगा’ म्हणजे ‘मी येऊन जेवलो’, आणि ‘इजा हो’ओमिन साब जागा’ म्हणजे ‘मी आलो आणि तू जेवलास’. दुसऱ्या वाक्यात ‘तू’ हे सर्वनाम कुठेच नाही, म्हणून घाईचा विद्यार्थी ‘मिन’ हा प्रत्यय ‘तू’चा ठरवून मोकळा होतो. तो ‘मी’चाच आहे, येणारा मीच आहे ना! हुमिगमधील ‘म’ सांगतो की पुढच्या क्रियेचा कर्ता हाच राहणार, हो’ओमिनमधील ’ओ हा प्रत्यय कर्ता बदलणार असल्याची आगाऊ सूचना देतो, आणि ‘तू’ आहे तो शेवटच्या ‘जागा’ या रूपात. माझी सवय अशी की प्रत्येक मधल्या क्रियापदाखाली मी दोन रंगांनी रेघा मारतो: निळी चालू कर्त्यासाठी आणि तांबडी पुढच्या कर्त्याच्या सूचनेसाठी. तक्ता पाठ करण्यापेक्षा हे बरे.

‘सर, हे म्हणजे आपले ऊन-प्रत्ययान्त रूपच की!’ असे दरवर्षी कोणीतरी आनंदाने ओरडते. तसे नाही. मराठीत ‘पाऊस पडून रस्ते वाहून गेले’ हे वाक्य निर्दोष आहे आणि त्यात कर्ते दोन आहेत. आपले ‘ऊन’ ढिले आहे. अमेले दर वेळी पुढचा कर्ता तोच की दुसरा, हे आधीच नोंदवायला लावते.

आणि इथेच मी स्वतः तोंडघशी पडलो. काही वर्षांपूर्वी, लोकांनी कंद खांद्यावर घेतले आणि जाऊन कोठारात भरले, अशा अर्थाचे एक उदाहरण मी टिपणात उतरवले. खांद्यावर घेणारे, जाणारे आणि भरणारे लोक तेच असूनही पहिल्या क्रियापदावर भिन्न कर्त्याचा प्रत्यय होता. मला ती छपाईतील चूक वाटली; मी पेन्सिलीने ती ‘सुधारली’ आणि तीन वर्षे तशीच शिकवली. रॉबर्ट्स यांचे विवेचन पुन्हा शांतपणे वाचल्यावर समजले की स्थळ, काळ किंवा एकूण परिस्थिती पालटली तर कर्ता तोच असतानाही अमेले हा भिन्न कर्त्याचा प्रत्यय वापरते. मी फक्त तक्ता वाचला होता, त्याखालचा मजकूर वाचला नव्हता. ते टिपण मी अजून वर्गात दाखवतो, पेन्सिलीच्या खुणेसह.

काळाबद्दल एवढेच की मधल्या क्रियापदावर काळ शोधू नये, तो शेवटच्या क्रियापदावर असतो. आज जेवलो तर जिगा, काल जेवलो तर जिगान, आणि त्याआधी जेवलो असल्यास तिसरेच रूप. ‘जेवलो’ एवढ्यावर इथे भागत नाही. ‘देणे’ या क्रियेचा धातूही शोधू नये: ज्याला द्यायचे त्याचा प्रत्यय, त्यापुढे कर्त्याचा आणि काळाचा, एवढ्यातच क्रियापद पुरे होते आणि धातूची जागा रिकामीच राहते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने ती रिकामी जागा दोन तास चाळली. उत्तर लगेच हवे असा त्याचा नेहमीचा आग्रह असल्यामुळे मी त्याला मुद्दाम काहीच सांगितले नाही.