दोन गुणांचा माणूस

कॅनडात सिनेमा करायला आलेला कुणी भेटला की मी आधी विचारतो, पीआर (कायम राहण्याचा परवाना) झालं का? स्थळाची चौकशी चाललीय असं वाटून समोरचा बिचकतो. पण इथे फिल्म ‘कॅनेडियन’ ठरवताना गुण मोजतात. 10 पैकी किमान 6 हवेत. दिग्दर्शकाचे 2, पटकथालेखकाचे 2, मग कॅमेरामन, संकलक, संगीतकार वगैरेंचा एकेक. गुण धरतात ते नागरिकांचे आणि पीआरवाल्यांचेच. तेवढे जमले तर निर्मात्याला पात्र मजुरीखर्चाच्या 25 टक्के करसवलत केंद्राकडून मिळते. म्हणजे तो आधी दिग्दर्शक म्हणून तुमचे 2 गुण बघणार, मग शॉर्टफिल्म. हे माझ्या डोक्यात शिरायला तीन वर्षं गेली.

तोवर टोरंटोतल्या ‘लिफ्ट’मधून भाड्याचा कॅमेरा. ही फिल्म करणाऱ्यांनी 1981 मध्ये काढलेली सहकारी संस्था. (सहकारी म्हटल्यावर मला साखर कारखानाच आठवला होता.) पहिलं शूट जानेवारीत, उणे 18. रस्त्यावरचा सीन उरकून कॅमेरा तसाच स्वयंपाकघरात आणला आणि लेन्सवर दव धरलं. पुसावं तर पुन्हा धरे. सहा माणसं दीड तास चहा पीत बसली. आता मी बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो आणि तो आत ऊबदार होईपर्यंत गाठ सोडत नाही. बॅटऱ्या जाकिटाच्या आतल्या खिशात.

ग्रँटचं थोडक्यात: शॉर्टफिल्मसाठी कॅनडा कौन्सिल ही कलांना अनुदान देणारी सरकारी संस्था, पहिल्या पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी (फीचर) टेलिफिल्म या सरकारी संस्थेचा ‘टॅलेंट टू वॉच’ कार्यक्रम. अर्ज मात्र पटकथेइतक्याच वेळा लिहावा लागतो.

घर चालतं टीव्हीवर. त्यात कमीपणा नाही. कॅनेडियन दिग्दर्शक ॲटम इगोयाननीही ऐंशीच्या दशकात स्वतःचे सिनेमे करता करता टीव्हीचे एपिसोड केले. फक्त मालिकेत घर शोरनरचं (म्हणजे अख्खी मालिका सांभाळणाऱ्या मुख्य लेखक-निर्मात्याचं), एपिसोडचा दिग्दर्शक पाहुणा. मालिकेचा तोंडवळा आधीच ठरलेला असतो, तो बदलायला जाऊ नका. शिरकावाची वाट म्हणजे शॅडोइंग, दुसऱ्या दिग्दर्शकाचं काम सेटवर नुसतं बघत राहणं. मी आठ दिवस बिनपगारी मॉनिटरमागे उभा होतो. दिग्दर्शकाशी बोलणं झालं जेमतेम दहा मिनिटं. मैत्री झाली ती जेवणाच्या रांगेत, क्रूशी.

ही माणसं आठवडाभर न्यूयॉर्क म्हणून सजवलेल्या टोरंटोच्या रस्त्यांवर अमेरिकन मालिका शूट करतात आणि रविवारी मोकळी असतात. माझ्या पुढच्या शॉर्टफिल्मचा फोकस पुलर (शूट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा) तसाच मिळाला, थालीपिठाच्या डब्यावर.