दूध 'गोज बॅड', मग स्वप्न 'कम्स ट्रू' का?

बँकेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करताना इंग्रजीतली 'चूक शोधा' छापाची वाक्यं आम्ही रोज सोडवायचो. क्रियापदामागून विशेषण आलं की अभ्यासिकेतले निम्मे जण त्याला 'एलवाय' जोडून मोकळे व्हायचे. क्रियापदानंतर क्रियाविशेषणच हवं, हे शाळेतच डोक्यात बसलेलं असतं. पण 'द मिल्क वेंट बॅड' यातलं 'बॅड' जाण्याबद्दल काही सांगत नाही, दुधाबद्दल सांगतं. 'वेंट'च्या जागी 'वॉज' घालून पाहा. वाक्य उभं राहिलं आणि अर्थ फारसा ढळला नाही, तर विशेषण बरोबर. 'द इंटरव्ह्यू वेंट बॅडली' इथे मात्र मुलाखत कशी झाली ते सांगायचंय, म्हणून 'एलवाय' हवंच.

मराठी व्याकरणात अपूर्ण विधान क्रियापद (एकट्याने अर्थ पुरा न करणारं) आणि विधिपूरक (तो अर्थ पुरा करणारा शब्द) आपण घोकलेलं असतं, ते हेच. बोलण्यात तर ते पदोपदी येतं: माणूस आजारी पडतो, पैसे कमी पडतात, आंबा गोड लागतो, अंदाज खोटा ठरतो. यात खरोखरचं पडणं कुठेच नाही. इंग्रजीतही 'फॉल इल', 'फॉल शॉर्ट'. पण या जुळणीवर फार विसंबू नका. आपल्याकडे चेहरा पांढरा पडतो, तिकडे तो 'टर्न्स पेल'.

म्हणून मी वहीत क्रियापदांप्रमाणे पानं पाडली. 'गो' बहुतेकदा बिघाडाकडे नेतं: बॅड, ब्लाइंड, बाल्ड, बँक्रप्ट. ('गो व्हायरल', 'गो लाइव्ह' ही अलीकडची मंडळी त्यात बसत नाहीत.) त्याच पानावर 'गो अननोटिस्ड', 'गो अनपनिश्ड' : म्हणजे कुणी दखलच घेतली नाही, शिक्षाच झाली नाही. 'कम'चे दोन स्वभाव. एक तर गोष्ट मार्गी लागते, 'कम ट्रू', 'कम राइट'. नाहीतर बांधलेलं सुटतं, 'कम लूज', 'कम अनडन'. 'रन' आलं की बहुधा साठा संपत आलाय: विहीर 'रन्स ड्राय', धान्य 'रन्स लो'. 'ग्रो' सावकाशीचं, 'ग्रो ओल्ड'.

निबंधात 'बिकम' शोभतं, बोलताना 'गेट'. मुलाखतीत अडलात तर 'गेट' बरंच निभावून नेतं, 'गेट टायर्ड', 'गेट अँग्री' बिनधास्त म्हणा. पण झोप लागली तर 'फॉल अस्लीप'च, आणि बेपत्ता झालेला माणूस 'गोज मिसिंग'. तिथे 'गेट' चालत नाही.