रोबोकॉनसाठी रोबो कसा बांधावा: आधी चालता करा, मग देखणा

रोबोकॉन ही कॉलेजच्या संघांनी स्वतः बांधलेल्या रोबोंची स्पर्धा. तिचा खेळ दरवर्षी बदलतो. यजमान देश बहुतेकदा आपल्या मातीतला खेळ किंवा परंपरा पुढे करतो. 2008 साली आशियाई स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा दहीहंडी होती, 2022 साली दिल्लीत लगोरी. शेवटच्या महिन्यातलं चित्र मात्र बहुतेक कॉलेजांत सारखंच. मेकॅनिकलची मुलं अजून कातकाम करतायत, रोबो टेबलावर उघडा पडलाय आणि प्रोग्रॅमिंगवाले कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेत, कारण कोड चालवून बघायला त्यांच्याकडे यंत्रच नाही. खालचा सगळा क्रम हे चित्र टाळण्यासाठी आहे.

पायरी 1: रूलबुक सगळ्यांनी एकत्र वाचा

एकाने वाचायचं, बाकीच्यांनी अडवायचं. मग तक्ता करा: कोणत्या कामाला किती गुण, किती सेकंद आणि कोणतं काम फसलं तर पुढचं सगळं अडतं. लगोरीच्या वर्षी एक रोबो चेंडू मारून लगोरी फोडायचा, दुसरा ती पुन्हा रचायचा. रचणारा हात कितीही सुरेख असो, फेकणाऱ्याचा नेम चुकला तर त्याला कामच नाही. म्हणजे पहिली चाचणी फेकण्याची. कोणतं काम यंदा करायचंच नाही, हेही याच बैठकीत ठरवून टाका. नियमांवरच्या प्रश्नोत्तरांत वर्षभर बारीक बदल येत राहतात, त्यावर लक्ष ठेवायला एक जण नेमा.

पायरी 2: मैदान जमिनीवर आखा

खडू किंवा चिकटपट्टी पुरे. रोबोच्या मापाचं खोकं हाताने ढकला आणि स्टॉपवॉच लावा. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनमध्ये, सहज मावणारं वळण इथे अडतं.

पायरी 3: नुसता सांगाडा पळवा

वरची यंत्रणा ठरायच्या आधी चाकं, मोटर, बॅटरी आणि एक प्लायवुडची फळी एवढंच जोडून रोबो पळवा. दिसायला भिकार असेल, असू दे. प्रोग्रॅमिंगवाल्यांना त्या दिवसापासून काम मिळतं.

तीन ओम्नी चाकं (कडेला छोटे रोलर असलेली, आडवीही सरकणारी) की चार, हा वाद दरवर्षी रंगतो. तिवई कुठेही ठेवली तरी डगमगत नाही, तशी 120 अंशांवर बसवलेली तिन्ही चाकं जमिनीला टेकलेलीच राहतात. चार चाकांत ताकद जास्त मिळते, पण चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, कडक असेल आणि जमीन जरा उंचसखल असेल तर एक चाक अधांतरी फिरतं आणि रोबो तिरका जातो. चारच हवी असतील तर चॅसीत थोडी लवचीकता किंवा सस्पेन्शन द्या. अंतर मोजायचा एन्कोडर मोटरच्या चाकावर लावू नका, कारण ते चाक घसरलं की आकडा खोटा येतो. त्यासाठी जमिनीवर मोकळं फिरणारं वेगळं छोटं चाक ठेवा.

पायरी 4: हवेचा हिशेब आधी मांडा

पकडायला, ढकलायला न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे, सिलिंडर स्वस्त आणि झटपट. नियमाने दाब 600 किलोपास्कलच्या, म्हणजे 6 बारच्या वर न्यायचा नाही. हवा साठवायला कोल्ड्रिंकच्या बाटल्या सर्रास वापरतात. ओरखडा किंवा दुमड दिसली की ती बाटली सरळ बाद करा.

आता हिशेब. 25 मिलिमीटर व्यासाच्या, 100 मिलिमीटर स्ट्रोकच्या (दांडा सरकण्याच्या अंतराच्या) सिलिंडरमध्ये सुमारे 0.05 लिटर जागा असते. 2 लिटरची बाटली 6 बारला भरली आणि सिलिंडर 4 बारवर चालवला, तर साधारण 16 वेळा भरेल, म्हणजे पुढे-मागे धरून 8 फेऱ्या. नळ्यांत अडकणारी हवा धरली तर त्याहून कमी. सामन्यात किती वेळा पकडायचं आहे ते मोजा आणि मगच बाटल्यांची संख्या ठरवा.

पायरी 5: वायरिंगला मान द्या

सामने बहुतेकदा इथेच जातात. स्क्रू टर्मिनलमध्ये सोल्डर केलेलं टोक घट्ट वाटतं, पण सोल्डर दाबाखाली हळूहळू चेपतं आणि थरथरीने वायर सुटते. तिथे फेरूल, म्हणजे वायरच्या टोकावर बसणारी धातूची छोटी नळी, दाबून लावा. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांवर नंबर द्या आणि कनेक्टरजवळ झिप टाय मारा, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही. मोटर एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं आणि कंट्रोलर, म्हणजे कोड चालवणारा बोर्ड, रीसेट होतो. मग मुलं रात्रभर कोडमध्ये बग शोधत राहतात! कंट्रोलरला वेगळी बॅटरी द्या, किंवा निदान व्होल्टेज स्थिर ठेवणारा चांगला रेग्युलेटर तरी. इलेक्ट्रॉनिक्स बसवल्यावर त्याच सांगाड्याला ड्रिल मारायचं तर बोर्ड झाकून घ्या, धातूचा कीस कुठेही शिरतो. लाल इमर्जन्सी बटण वाकावं न लागता हाताला लागलं पाहिजे.

पायरी 6: सुटे भाग आणि माणसं

वायर, कनेक्टर, स्विच पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याच दिवशी मिळतात. परदेशी मोटरचं तसं नाही, त्यामुळे डिझाइन ठरताच ऑर्डर द्या आणि एक जास्तीची घ्याच. रोबो चालवणारा लवकर निवडा. तो फायनल इयरचाच असावा असा कुठे नियम नाही. सेकंड इयरची एखादी मुलगी शांत डोक्याने जॉयस्टिक धरत असेल तर तिलाच बसवा, सिनियर्स रुसले तर रुसू देत.

पायरी 7: तारीख गोठवा

स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी डिझाइन बंद. त्यानंतर फक्त दुरुस्ती आणि पूर्ण सामन्यांचा सराव. मैदानावर मांडणीला जेमतेम एक मिनिट मिळतं, तेव्हा रोबो उचलून आणणं, बॅटरी जोडणं, हवा तपासणं हेही घड्याळ लावून करा. आणि टेंपो बोलावण्याआधी लॅबच्या दाराची रुंदी मोजून घ्या.