बोटीवरून उतरून मासे खायचे असतील तर पुण्यात बसून करायची तयारी

क्रूझवर चारी बाजूंना समुद्र असतो आणि ताटात असतो बासा. मुंबई-गोवा-कोची अशा आमच्या पहिल्या सफरीत हे पहिल्याच रात्री कळलं. बुफेत लिंबाच्या सॉसमधला पांढराशुभ्र, काट्यांशिवायचा, चवीशिवायचा तुकडा. बासा हा मूळचा व्हिएतनामकडचा, गोड्या पाण्यातला मासा. आपण अरबी समुद्रावर तरंगत तो खायचा! जहाजाचाही तसा दोष नाही. हजारभर माणसांचा स्वयंपाक निघण्याआधीच शीतगृहात भरून घ्यावा लागतो, वाटेत कोळणीच्या पाटीतले चार बांगडे घेऊन त्यांचं भागत नाही. म्हणून हिशेब साधा आहे. त्या त्या गावचा मासा म्हणजे त्या त्या बंदरावरचं एक दुपारचं जेवण. तीन बंदरं तर तीन जेवणं. खालची सगळी तयारी ती तीन जेवणं वाचवण्यासाठी आहे, आणि त्यातली बरीचशी कोथरूडच्या सोफ्यावर बसून होते.

बुकिंग करण्याआधी, नंतर नव्हे, भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि सफरीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर पुण्याचं, त्यामुळे वार सांभाळणं काय असतं ते मला दोन्हीकडून माहीत आहे. गोव्याचा दिवस गुरुवारी आला की घरातली निम्मी माणसं सोलकढीवर. क्रूझचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, म्हणजे नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार नेमके त्यात सापडतात. संकष्टी, एकादशी, घरातलं एखादं श्राद्ध, सगळं बघून घ्या. आपल्याच नव्हे, त्यांच्याही वारांचा विचार करा. गोव्यातही अनेक हिंदू घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, आणि केरळात बरेच ख्रिस्ती मच्छीमार रविवारी होडी काढत नाहीत, त्यामुळे सोमवारी सकाळचा बाजार पातळ असू शकतो. शक्य असेल तर बुधवार किंवा शुक्रवार बंदरावर येईल अशी तारीख धरा.

मोसमाचं फार डोकं लावायला नको. महाराष्ट्र आणि गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, केरळातली ट्रॉलरबंदीही जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत चालते. त्या काळात या किनाऱ्यावर क्रूझही नसतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम, समुद्रही शांत असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यातली सवलतीची तिकिटं मात्र स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका, बोट हलायला लागली की कसला बांगडा आणि कसलं काय.

आता खरी मेहनतीची गोष्ट, माशांची नावं. पश्चिम किनाऱ्यावर मासा तोच असतो, पण दर दोनशे मैलांवर त्याचं नाव बदलतं आणि आपण मेनूकार्डासमोर अडाणी ठरतो. आपली सुरमई गोव्यात इसवण होते, मंगळुरात अंजल आणि कोचीत नेयमीन. तारली केरळात मत्ती किंवा चाळा, मंगळुरात बूताई. बांगड्याला केरळात अयला म्हणतात. कोळंबीला गोव्यात सुंगटां (मालवणातही जवळजवळ तेच), केरळात चेम्मीन. पापलेट म्हणजे केरळात आवोली. रायगडवाले ज्या जिताड्यासाठी जीव टाकतात तो गोव्यात चणक आणि केरळात काळांजी. आमच्याकडची मुडदुशी मंगळुरात काणे म्हणून मिळते, रवा लावून तळलेली, आणि तिच्यासाठी वाकडी वाट करावी इतकी गोड. ही नावं एका कागदावर लिहा. मोबाइलमध्ये नको, कागदावर, कारण समुद्रावर रेंज नसते आणि खाणावळीत बसल्यावर बॅटरी संपलेली असते. कागदाच्या मागच्या बाजूला दोन वाक्यं. गोव्यासाठी ‘आयज कसलें नुस्तें आसा?’ आणि कोचीसाठी ‘इन्नु एन्तु मीन उण्डु?’ दोन्हींचा अर्थ एकच, आज कोणता मासा आहे. उच्चार चुकला तरी चालतो. मेनूकार्ड न उघडता हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला मालक स्वतः येऊन उत्तर देतो, हा माझा अनुभव.

याच कागदावर राज्यमासेही लिहून ठेवा. महाराष्ट्राने 2023 साली पापलेटला राज्यमासा केलं, केरळाने 2010 साली करीमीनला, आणि गोव्याचा राज्यमासा शेवटो, म्हणजे बोय. गोव्याला जाऊन पापलेट मागणं हा आपला पुणेरी हट्ट आहे. तो तिथेही महागच मिळतो आणि इथे मिळतो त्यापेक्षा वेगळा लागत नाही.

निघण्याआधीच्या दोन रविवारी सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात चक्कर मारा, विकत काही घेतलं नाही तरी चालेल. आम्ही पुणेकर मासा तुकड्यांवरून ओळखतो. अख्खी सुरमई समोर ठेवली तर निम्मे जण रावस म्हणतील. म्हणून डोक्यासकट, शेपटीसकट मासे बघायचे. डोळे फुगीर आणि काचेसारखे स्वच्छ हवेत, आत गेलेले आणि धुरकट नकोत. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा, तपकिरी पडलेला नको. बोटाने दाबलं की मांस वर यायला हवं, खळगा राहिला तर पुढच्या पाटीकडे जा. वास समुद्राचा यावा, माशाचा नव्हे. पापलेट घेताना आजी कल्ल्याजवळ दाबून पांढरं पाणी येतंय का बघायची आणि मगच भावाला तोंड उघडायची. आणि हो, विक्रेत्याला विचारायला लाजू नका की हा समुद्राचा की उजनी धरणाचा. धरणातल्या चिलापी आणि मरळ यांना मी नावं ठेवत नाही, भिगवणला थांबून खाल्लेली चिलापी मला आवडते, पण ती कशी दिसते हे माहीत असलं म्हणजे परगावी तिला ‘सी फिश’ म्हणून कोणी वाढणार नाही.

घरात मुलं असतील तर आणखी एक सराव. आमचा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत फक्त बोनलेस खायचा. सफरीआधी महिनाभर दर बुधवारी त्याला मांदेली, मग बांगडा, असं चढत्या क्रमाने काटे काढायला बसवलं. पहिल्या बुधवारी रडारड झाली. गोव्यात त्याने माझ्या ताटातली तुकडी पळवली.

गोव्याला मोठ्या बोटी मुरगावला लागतात, म्हणजे तुम्ही वास्कोत उतरता. इथे बहुतेक जण चूक करतात आणि पणजीची टॅक्सी धरतात. साधारण 30 किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि मध्ये वाहतूक. वास्को हे स्वतः मासेमारांचं गाव आहे, खारीवाड्यावर होड्या लागतात. सकाळी बाजार बघा आणि जेवण वास्कोत किंवा फार तर जवळपासच्या गावात करा. थाळीवाली साधी खाणावळ शोधा, जिथे बँकेतले आणि बंदरातले लोक जेवतात. शीत (म्हणजे भात), नुस्त्याची कडी, तळलेली तुकडी, सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), सोलकढी. बांगड्याचं तिरफळ घातलेलं हुमण किंवा उड्डमेथी (उडीद-मेथीचा रस्सा) मिळाली तर बाकी सगळं सोडून ते घ्या. साडेबाराला टेबलावर असायचं हा माझा नियम. दोननंतर चांगली तुकडी संपते, तीनला शटर खाली येतं आणि संध्याकाळी सातपर्यंत वर जात नाही. दुपारी दुकान बंद ठेवण्यावरून निदान आपण तरी कोणाला बोलू नये.

कोचीत फोर्ट कोचीची चिनी जाळी बघायला सगळेच जातात, तुम्हीही जा. पण त्या जाळ्यांत फार काही सापडत नाही, शेजारच्या टपऱ्यांवरचा बराच माल दुसरीकडून येतो. तिथे मासा निवडून समोरच्या दुकानात शिजवून घेता येतो. तसं करणार असाल तर माशाचा भाव, वजन आणि शिजवायचे पैसे, तिन्ही आधी तोंडाने ठरवून घ्या. मी असले पैसे करीमीन पोळ्ळिचदुवर घालते. मसाला माखून केळीच्या पानात गुंडाळलेला, तव्यावर भाजलेला, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या खाडीतला मासा. काटे बरेच, वर सांगितलेला सराव इथे उपयोगी. लाल मीन करीत कुडमपुळी असते, ती आपल्या कोकमाचीच चुलत बहीण, तरी आंबटपणा जरा धुरकट. सोबत भात नको, कप्पा मागा, म्हणजे उकडलेला टॅपिओका. तिखट नको असणाऱ्यांना नारळाच्या दुधातली मीन मोइली.

लक्षद्वीप यादीत असेल तर तिथे ट्यूना. गळाने एकेक पकडलेला, ताजा, भाजलेला किंवा रश्शात. फक्त ट्यूना, बांगडा, सुरमई हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर जीभ चुरचुरली, मिऱ्यासारखं लागलं, तर सभ्यपणा बाजूला ठेवून ताट सरकवा. चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकेदुखी हे त्यानंतर येतं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आपली गोळी खिशात ठेवावी, बॅगेत नव्हे, बॅग खोलीत राहते.

आता सगळ्यात अवघड तयारी, ती मनाची. जहाजावरचं जेवण तिकिटातच धरलेलं असतं. ‘पैसे भरलेत ना, मग बाहेर कशाला खायचं?’ हे वाक्य आमच्याकडे पहिल्या सफरीत यजमानांनी म्हटलं आणि आम्ही वास्कोत उतरायच्या आधी पोटभर नाश्ता करून, अकराला बुफेचा पास्ता हाणून बाहेर पडलो. त्यात एका सहल कंपनीच्या बसने किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात नेलं, तिथे मेनूवर पाच भाषा आणि थाळीत कडक बर्फाची चव असलेली सुरमई. पोट भरलेलं, खिसा रिकामा. म्हणून हे घरी आधीच ठरवून टाका की बंदराच्या दिवशी नाश्ता म्हणजे चहा आणि एक टोस्ट. ज्यांना जहाजावरच जेवायचंय त्यांनी खुशाल जेवावं. आमच्या सासूबाई शाकाहारी, त्या वरच्या डेकवर आरामात वरण-भात खातात आणि आम्हाला फोनवर वेळ सांगतात.

वेळ म्हणजे जहाज सुटायची नव्हे, परत चढायची. सहाला सुटणार असेल तर साधारण पाचला चढायचं असतं, नेमकी वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते. त्यातून उलटं मोजा. परतीचा रस्ता दुप्पट धरा, जेवणाला सव्वा तास, आणि मग दिसेल की सकाळी उतरल्यावर रेंगाळायला वेळच नाही. छोटी बोट करून किनाऱ्यावर जायचं असेल तर रांगेचा अर्धा तास वेगळा. नकाशे पुण्यातूनच उतरवून ठेवा, दोन-तीन खाणावळींना आदल्या दिवशी रेंज असताना फोन करून उघडी आहे ना विचारा, आणि सुटे पैसे घ्या.

निघण्याच्या दिवशी डेक्कन क्वीनने गेलात तर सीएसएमटीला उतरून बॅलार्ड पिअर, म्हणजे जिथे जहाजात चढायचं तो धक्का, जवळच. चढायची वेळ दुपारची असेल तर फोर्टातल्या एखाद्या मंगळुरी खाणावळीत गस्सी (नारळाच्या वाटणाचा रस्सा) खाऊन मगच चढा, ते तुमचं चौथं जेवण. आणि गोव्यातून सुके बोंबील, सोडे, सुंगटां आणायचा मोह आवरा. कच्चं अन्न जहाजावर सहसा येऊ देत नाहीत, सुरक्षातपासणीला बॅग उघडली की मागची सगळी रांग नाक धरते. सोडे परत आल्यावर गणेश पेठेतून घ्या.